कोरड्या ओढ्यात भात

स्वातंत्र्य ही माणसाची पहिली गरज आहे. हे वाक्य मेल्चोरच्या मोटरहोमच्या मागच्या काचेवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत चिकटवलेलं होतं. जर्मन भाषेत, कारण गाडीचा आधीचा मालक जर्मन होता. मेल्चोरने ते खरवडून काढायचा प्रयत्न केला होता, पण डिंकही जर्मन निघाला.

मेल्चोरची पहिली गरज स्वातंत्र्य नसून पत्ता ही होती. फेब्रुवारीत बायको आणि तो वेगळे झाले, फ्लॅट बायकोकडे गेला, आणि मेल्चोर या गाडीत राहायला आला. रात्री ती औद्योगिक वसाहतीत, टाइल्सच्या बंद कारखान्यामागे उभी असे. सकाळी तो पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जाऊन अंघोळ करी, सूट चढवी आणि दुकान उघडी. दुकान घरांचं होतं. मेल्चोर आमच्या तोताना गावातला इस्टेट एजंट. ‘तुमचं घर, आमची जबाबदारी’ ही पाटी त्याने स्वतः लिहून घेतलेली. ज्याला राहायला घर नाही त्याच्याकडून घर कोण विकत घेणार, असा त्याचा प्रश्न होता.

हे गावात फक्त मला ठाऊक होतं. एकदा सकाळी मी टायर बदलून घ्यायला त्या बाजूला गेले, तर मेल्चोर गाडीच्या दारात पायजम्यावर दात घासत उभा.

‘‘कासिल्दा,’’ ब्रश तोंडात ठेवूनच तो म्हणाला, ‘‘खिनेसला कळता कामा नये. खिनेसला कळलं की एन्कार्नाला कळणार, आणि एन्कार्नाला कळलं की पेपरात द्यायची गरज राहत नाही.’’

खिनेस आणि एन्कार्ना हे नवराबायको. आम्ही चौघं एका वर्गातले. खिनेस दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर तो लोकांना तोंड उघडं ठेवायला सांगतो आणि रविवारी बंद ठेवायला, कारण रविवारी तो भात करतो. या दोघांना मेल्चोरने सांगितलं होतं की स्टेशनजवळ जागा घेतलीय, छोटीशीच, पण खिडकीतून दिसणारा देखावा अधूनमधून बदलतो. यात स्टेशन सोडलं तर खोटं काही नव्हतं. मोटरहोम म्हणजे घटस्फोटानंतर पुरुष घेतात तसलं खेळणं, अशी त्यांची समजूत झाली होती. ईस्टरपासून ते मागे लागले होते, ‘‘अरे, एक दिवस फिरव की आम्हाला तुझ्या त्या खेळण्यातून!’’ टाळायची कारणं ऑक्टोबरात संपली.

शेवटी एका रविवारी निघालो. एन्कार्ना पुढे बसेना. चालत्या गाडीत ती एकेक कप्पा उघडून बघत होती.

‘‘मेल्चोर, हे कपाट का उघडत नाही रे?’’

‘‘कडी अडकलीय.’’

‘‘आणि हे वरचं?’’

‘‘त्याचीही.’’

‘‘जर्मन गाडी ना ही?’’

‘‘म्हणून तर. अडकते तीसुद्धा नीट अडकते.’’

मी तिला खाली बसवलं, लसूण सोलायला दिला. तो सोलता सोलता ती म्हणाली, ‘‘किती टापटीप ठेवलीय गं याने. आमच्या घरीसुद्धा सिंकजवळ फडकं असं घडी घालून नसतं. माणूस एकटा पडला की सुधारतो बघ.’’ आरशातून मेल्चोरने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. समुद्र अजून आलेला नव्हता.

तो आला तेव्हा वाऱ्यासकट आला. पूर्वेचा वारा सुटला होता, लाटा सरळ गाडीरस्त्यावर थुंकत होत्या. पहिल्या किनाऱ्यावर खिनेसने गॅसची शेगडी लावून पाहिली, ज्योत आडवी झाली. दुसऱ्या किनाऱ्यावर ती पेटलीच नाही. मी म्हटलं, एखाद्या हॉटेलात जाऊ. खिनेसने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याला दवाखान्यात दुसऱ्याकडून दात काढून घे म्हणाले.

भात म्हणजे साधा भात नव्हे, काल्देरो. लोखंडी हंड्यात वाळक्या लाल मिरच्या तळायच्या, त्यात मासे उकळायचे, मासे काढून घ्यायचे आणि त्या रश्श्यात तांदूळ शिजवायचा. तांदूळ एकदा पडला की हंडा हलवायचा नाही, ज्योत कमीजास्त होऊ द्यायची नाही आणि खिनेसशी बोलायचं नाही. त्याच्या मुलीचा जन्म झाला त्या रविवारीही त्याने आधी भात उतरवला आणि मग इस्पितळात गेला. एन्कार्ना ते अजून बोलून दाखवते, पण त्या दिवशीचा भात चांगला झाला होता हेही सांगते.

‘‘रांबलात जाऊ,’’ खिनेस म्हणाला. ‘‘तिथे वारा लागत नाही.’’

रांबला म्हणजे ओढा. आमच्याकडे ओढ्यांत पाणी नसतं. बाजार भरतो, गाड्या उभ्या राहतात, पोरं फुटबॉल खेळतात. पाणी वाहून गेल्यावर उरलेली जागा पालिका कशाला वाया घालवेल? हा ओढाही तसाच, रुंद, खडीवाळूचा, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंती. मुखाशी, समुद्राजवळ, वर रस्त्यावर जायला सिमेंटचा चढ होता; पण चढाच्या तोंडावर पालिकेने डोक्यावर लोखंडी आडवी दांडी ठोकली होती. छोटी गाडी खालून जाईल, मोटरहोम जाणार नाही. परदेशी मोटरहोमवाले येऊन मुक्काम ठोकतात म्हणून ही व्यवस्था. तेव्हा आम्ही वरच्या अंगाला, मोठ्या पुलाजवळच्या कच्च्या वाटेने ओढ्यात उतरलो आणि पात्रातूनच गचके खात मुखापर्यंत खाली आलो. मुखाशी पाटी होती: पुराचा धोका, वाहने उभी करू नयेत. पाटीच्या सावलीत तीन वाहनं उभी होती.

खिनेसने मेल्चोरला गाडी आडवी लावायला लावली, वारा अडेल अशी. मग गाडी आणि भिंत यांच्यामध्ये शेगडी मांडली, फटीला ताडपत्री बांधली आणि ज्योत पाहिली. ज्योत सरळ उभी होती. ‘‘आता ही गाडी हलली की भात मेला,’’ तो समाधानाने म्हणाला.

आमच्या डोक्यावर आकाश स्वच्छ निळं होतं. पण वर, डोंगरांच्या बाजूला, ढग बसला होता. काळा नव्हे, जांभळा. पावसात जांभळा रंग आमच्याकडे कोणाला आवडत नाही. मेल्चोर दर थोड्या वेळाने उठे, ओढ्याच्या मधोमध जाऊन वरच्या दिशेला बघे आणि परत येऊन बसे.

‘‘काय बघतोस सारखा?’’ एन्कार्ना म्हणाली. ‘‘कोणी यायचंय का?’’

‘‘डोंगरात पडतोय वाटतं.’’

‘‘पडू दे की. डोंगर आहे तो, त्याला काय सर्दी होणार?’’

मिरच्या तळून झाल्या. मासे उकळून निघाले. तेवढ्यात चौघांचे फोन एकदम किंचाळले. वाजणं नव्हे ते, गुरं कापताना होतो तसला आवाज. सरकारी इशारा: परिसरात अतिवृष्टी, ओढ्यांपासून दूर राहावे.

खिनेसने स्वतःचा फोन उलटा ठेवला. ‘‘गेल्या वेळीही असेच बोंबलले होते. शाळा बंद, बाजार बंद. आणि आकाशातून काय पडलं? कबुतराची शिट. ती पण एकच, माझ्या गाडीवर.’’

‘‘पण खिनेस, या वेळी ढग दिसतोय,’’ मी म्हटलं.

‘‘ढग कुठे, आपण कुठे! आजोबांच्या वेळेपासून या ओढ्याला पाणी आलेलं नाही.’’

‘‘आजोबांच्या वेळी आलं होतं ना पण?’’ मेल्चोरने विचारलं.

‘‘तेव्हा यायचं. तेव्हा सगळंच यायचं.’’

आणि त्याने तांदूळ सोडला.

आमच्या शेजारी एक लाल गाडी होती. त्यातलं कुटुंब सामान भरायला लागलं. बाई टरबुजाची फाक हातात धरूनच आत बसली. लाल गाडी दांडीखालून चढ चढून गेली. मग पांढरी गेली. मग ती, जिच्यातला माणूस दार उघडं टाकून झोपला होता. त्याला बायकोने चापट मारून उठवलं, आणि तो झोपेतच गाडी चालवत गेला असावा. थोड्या वेळात ओढ्यात आम्हीच उरलो. खिनेस म्हणाला, ‘‘बरं झालं, गर्दी कमी झाली.’’

मेल्चोर उभा राहिला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ‘‘चला. निघू या.’’

‘‘भात पडलाय, बाबा.’’

‘‘वर जाऊन शिजव.’’

‘‘वर वारा आहे. आणि हंडा हलवत नाहीत, हे तुला तिसरीत असल्यापासून माहीत आहे.’’

‘‘खिनेस, पाणी आलं तर आपल्याला त्या चढाने जाता येणार नाही. दांडी आहे. आलो तसंच वर पुलापर्यंत जावं लागेल, पाण्याच्या तोंडावर. आत्ताच निघायला हवं.’’

‘‘अरे, पाणी दिसलं की आपण चौघं धावत चढावर जाऊ. आपण दांडीखालून जातो की नाही? एन्कार्ना जरा वाकेल.’’

‘‘आणि गाडी?’’

‘‘विमा आहे ना?’’

‘‘विमा…’’ मेल्चोर म्हणाला आणि थांबला. विमा गाडीचा होता. आत कपाटात काय आहे हे त्या विमा कंपनीला सांगितलेलं नव्हतं, खिनेसलाही नव्हतं.

एन्कार्ना लाडात आली. ‘‘बस रे, असं काय पोरीसारखं करतोस. लोखंडपत्र्याची गाडी ती, गेली तर दुसरी घे. बायको गेली तेव्हा तरी एवढा घाबरा झाला नव्हतास.’’

मी म्हटलं, ‘‘एन्कार्ना, पुरे.’’

‘‘का गं? खोटं आहे का? हा स्टेशनजवळच्या त्या जागेत बायकोशिवाय मजेत राहतोय, आणि इथे एका डब्यासाठी जीव टाकतोय!’’

वरून वारा नव्हता, तरी ओल्या मातीचा वास आला. मेल्चोरने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली. ताडपत्री हलली, ज्योत झुकली. खिनेस पळी घेऊन गाडीपुढे जाऊन उभा राहिला. चांगला दातांचा डॉक्टर, ट्रॅफिक पोलिसासारखे हात पसरून.

‘‘बंद कर! आधी बंद कर! एका गाडीपायी मित्रांच्या जेवणाचा सत्यानाश करतोस? घर बुडतंय का तुझं?’’

‘‘हो,’’ मेल्चोर म्हणाला.

एन्कार्ना हसली. मग माझ्याकडे बघून हसणं थांबवलं. मी चेहरा सरळ ठेवायला हवा होता, पण ते जमलं नाही.

मेल्चोरने इंजिन बंद केलं नाही. तो मागे गेला, खिशातून छोटी किल्ली काढली आणि अडकलेलं कपाट उघडलं. आत त्याचे सूट एका ओळीत टांगलेले होते, खाली पॉलिश केलेले बूट, इस्त्री, घडी केलेली थंडीची रजई. वरच्या कपाटात त्याच्या आईची काचेची भांडी मोज्यांत गुंडाळून ठेवलेली. ‘‘फेब्रुवारीपासून,’’ तो म्हणाला. ‘‘स्टेशनजवळ काही नाही. हेच आहे. आता बघून झालं असेल तर बसा.’’

खिनेसने पळी खाली केली. मग वाकून शेगडी बंद केली. शिजता भात त्याने असा सोडलेला मी कधी पाहिला नव्हता, एन्कार्नानेही नाही. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, पुरासाठी की भातासाठी ते कळलं नाही.

त्यानंतर सगळं फार पटपट आणि फार वाईट झालं. ताडपत्रीची गाठ सुटेना, मी सुरीने कापली. टेबल उचललं, खुर्च्या तशाच टाकल्या. खिनेस हंडा सोडायला तयार नव्हता. दोन टॉवेल मांडीवर घेऊन तो तापलेल्या हंड्यासकट मागच्या बाकावर बसला. गाडी वळली आणि पात्रातून वर निघाली, जांभळ्या ढगाच्या दिशेने.

दोन्ही बाजूंना भिंती, पुढे खडी. मेल्चोर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ शकत नव्हता. प्रत्येक वळणाला वाटे की पलीकडे तपकिरी भिंत उभी असणार. पलीकडे बाभळीसारखी काटेरी झुडपं असत आणि पुढचं वळण. काचेवर चार थेंब पडले. मोठे, मातकट.

‘‘कपडे कुठे वाळत घालतोस?’’ एन्कार्नाने विचारलं. भीती वाटली की ती चौकशी करते.

‘‘एन्कार्ना, देवाच्यान गप्प बस,’’ मी म्हटलं.

‘‘लॉन्ड्रीत देतो,’’ मेल्चोर म्हणाला.

‘‘आमच्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे,’’ हंड्यामागून खिनेस म्हणाला.

‘‘म्हणूनच सांगितलं नव्हतं.’’

पुलाचे खांब दिसायला लागले आणि तिथेच गाडी रुतली. मागचं चाक खडीत गरगर फिरलं, बुडालं. मेल्चोरने पलंगाशेजारचा गालिचा ओढून काढला आणि चाकाखाली कोंबला.

‘‘चांगला आहे रे गालिचा!’’ एन्कार्ना ओरडली.

‘‘ढकला!’’

मी आणि एन्कार्ना ढकलायला लागलो. खिनेसने शेवटी हंडा गाडीतच खाली ठेवला आणि तोही उतरला. वरच्या बाजूने आवाज येत होता, जड, सलग, दगड एकमेकांवर घासल्यासारखा. तो पाण्याचा होता की पुलावरून जाणाऱ्या ट्रकचा, हे ठरवायला कोणी थांबलं नाही. मेल्चोर आत बसून ओठ हलवत होता. शिव्या होत्या की प्रार्थना, आमच्या गावात दोन्हींत तेच संत येतात. चाकाने गालिचा चावला, गाडी उसळली, आम्ही तिघं तोंडावर पडलो. मेल्चोर थांबला नाही. पुलाजवळच्या कच्च्या वाटेला लागून, अर्धं वर गेल्यावर त्याने ब्रेक मारला आणि खिडकीतून मागे बघितलं. आम्ही गुडघे सोलवटलेले, धावत होतो. खिनेस सगळ्यांच्या पुढे होता, हंडा आत होता ना.

वर पुलावर पालिकेचा पोलीस रस्ता अडवून उभा होता. आम्हाला ओढ्यातून वर येताना पाहून त्याने फक्त डोळे मिटले आणि हाताने ‘तिकडे लाव’ असं दाखवलं. मेल्चोरने गाडी कठड्याला लागून उभी केली, उतरला आणि तिच्या बाजूला हात टेकून राहिला. घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

‘‘वाचली,’’ मी म्हटलं.

‘‘वाचली,’’ तो म्हणाला.

गावातली माणसं पूर बघायला खुर्च्या घेऊन आली होती. एक म्हातारी सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. कोणीतरी सांगत होतं की डोंगरात धो धो पडला, आता कोणत्याही क्षणी येईल. खिनेसने हंडा कठड्यावर ठेवला, पळीने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, ‘‘कच्चा आहे.’’ माफी मागण्याच्या एवढ्या जवळ गेलेला मी त्याला कधी पाहिलेला नाही. मेल्चोरने पळी घेतली आणि तोही खायला लागला. आम्ही सगळ्यांनी तो करकरीत भात उभ्यानेच खाल्ला, वरच्या वळणाकडे डोळे लावून.

एन्कार्ना मात्र नव्हती. ती पोलिसाच्या गाडीमागे, वाऱ्याला पाठ करून, फोनवर होती. वाऱ्याची दिशा बदलली होती, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

‘‘अगं ताई, बस आधी. बसलीस? मेल्चोर… हो, आपला घरं विकणारा. गाडीत राहतो! फेब्रुवारीपासून! सूट टांगलेत गं आत, मी स्वतः पाहिले. नाही नाही, कोणाला सांगू नकोस. लुसियाला सांग फक्त, तिने त्याच्याकडे फ्लॅट बघितलाय ना, तिला माहीत असायला हवं.’’

मेल्चोरने पळी हंड्यात ठेवली.

‘‘खिनेस,’’ मी म्हटलं, ‘‘आवर तिला.’’

खिनेसने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मेल्चोरकडे. ‘‘कसं आवरू?’’ तो खरोखरच विचारत होता.

तेवढ्यात माणसं उठून कठड्याशी आली. वळणावरून पाणी आलं. पुढे फेसाची कड, तिच्यात वाळकी बोरूची पानं, प्लास्टिकचा एक क्रेट आणि कोणाची तरी चप्पल. ते धावत नव्हतं, चालत होतं, आणि जसजसं पुढे येत होतं तसतसं पातळ होत होतं. म्हातारीने बिया फोडणं थांबवलं नाही. चप्पल एका दगडाला अडकली. फेस तिच्या पुढे थोडा सरकला, दोन बोटांत विभागला आणि खडीत मुरला. मागून आणखी थोडं आलं, तेही मुरलं.

पोलिसाने रस्ता मोकळा केला. लोकांनी खुर्च्या मिटल्या. पाणी पुलाखालपर्यंतही पोहोचलं नव्हतं. आमच्या टाकून आलेल्या खुर्च्या खाली मुखाशी होत्या. संध्याकाळी आम्ही त्या आणायला गेलो, तेव्हा तिथली वाळू कोरडी होती.